अनंतमुळाचा वास

दूध उतू जाऊन गॅसची ज्योत विझली आणि बटण तेवढं चालू राहिलं, यात कुणाचा मोठा अपराध नव्हता. सुखवंता कपडे वाळत घालायला अंगणात गेली होती, आणि भुवनेश्वर शेगडीपासून चार हातांवर पाटावर बसून निवांत चहा पीत होता. त्यांची अकरा वर्षांची नीतू न्हाऊन केस पुसत आत आली ती दारातच थबकली. टॉवेल नाकाला लावून ती धावली, बटण फिरवलं, खिडकी ढकलली, आणि बापाकडे वळून म्हणाली, "एवढा गॅस सुटून राहिला बाबा, वास नाही आला का तुमाले?" सर्दी झाली, असं तो म्हणाला, आणि म्हणताना नाक ओढूनही दाखवलं. नाक कोरडं होतं. मोकळं होतं. हवा सुरळीत आत जात होती, सुरळीत बाहेर येत होती, फक्त त्या हवेत काहीच नव्हतं. सुखवंता आत येऊन स्वतःवरच चिडली, देवाचं नाव घेतलं, मुलीला शाबासकी दिली, आणि दोन मिनिटांत घर पुन्हा आपल्या कामाला लागलं. भुवनेश्वर मात्र कप हातात धरून तसाच बसून राहिला. चहा गरम होता, गोड होता. पण चहा होता का, हे त्याला सांगता येईना.

सगळे आपापल्या कामात गुंतल्यावर त्यानं फळीवरची हिंगाची डबी उघडली आणि नाकाशी नेली. मग लसणाची पाकळी नखानं फोडली. मग सुखवंताच्या डोक्याच्या तेलाची बाटली. चोरानं स्वतःच्याच घरात चोरी करावी तसा तो एकेक वस्तू उघडत होता आणि झाकत होता. आणि कुठलीच वस्तू त्याच्याशी बोलत नव्हती. छातीत धस्स झालं ते तेव्हा, गॅसच्या वेळी नव्हे. दुसऱ्या कुणाचं नाक गेलं तर त्याचं जेवण अळणी होईल, फार तर बायको चिडवेल. पण भुवनेश्वर कटरेच्या दुकानावरच्या पाटीवर 'जंगली जडीबुटी' असं लिहिलेलं होतं, आणि गोंदियाच्या बाजारात बारा वर्षांत जे नाव झालं होतं ते एवढंच, की हा माणूस मुळी हुंगून देतो, दुसऱ्याकडून विकत घेत नाही, स्वतः खणून आणतो. त्याचे डोळे चारचौघांसारखेच होते, हातही तसेच. सगळी विद्या नाकात होती.

दुकान त्यानं त्या दिवशी तासभर आधी उघडलं आणि शटर अर्धंच वर केलं. वेखंड, ओवा, जटामांसी, बावची. बरण्यांची झाकणं काढत तो पुढे सरकत गेला. कापराच्या डबीपाशी नाकात आत गार टोचलं आणि क्षणभर त्याला हायसं वाटलं, पण ते टोचणं होतं, कापूर नव्हता. कधीपासून? दिवाळीनंतर ताप आला होता, दहा दिवस अंगावर काढलेला. त्यानंतर सुखवंता एकदा म्हणाली होती की तुमी आजकाल भाजीले नावं नाही ठेवत. तो हसला होता. म्हणजे तेव्हापासून. म्हणजे दोन महिने. आणि महिन्यापूर्वी, मार्गशीर्षातल्या एका रविवारी, तो कोहमाऱ्याच्या पुढच्या जंगलात जाऊन अनंतमूळ खणून आला होता. तिथं उकिडवा बसून त्यानं प्रत्येक मुळी मोडली होती आणि नाकाशी धरली होती, हे त्याला लख्ख आठवत होतं. बोटांची माती आठवत होती, खाली सडकेवरच्या ट्रकांचे हॉर्न आठवत होते. आणि वासही आठवत होता, तो गोडसर, जुन्या पेटीतल्या चंदनासारखा वास. पण तो वास आला होता की आठवला होता? इतकी वर्षं मुळी मोडली की वास येतोच, तर त्या दिवशी मनानंच तो पुरवला नसेल हे कशावरून? भुवनेश्वर डोळे मिटून बसला आणि त्याला आत्ता, ह्या क्षणी, हातात काही नसताना अनंतमुळाचा वास आला. घवघवीत आला.

डोळे खोटं बोलतात, असं त्याचे गुरू उमराव म्हणायचे. उमराव कापगते हे कोहळी समाजाचे, नवेगावबांधकडच्या एका खेड्यातले, ज्यांच्या पूर्वजांनी तळी बांधली त्यांच्यातले. १९९९ साली भुवनेश्वर त्यांच्या दारात जाऊन बसला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, दोनदा नापास झालेला, राइस मिलच्या कोंड्यानं छाती भरलेला. चार महिने खोकला हटत नव्हता तो ह्या म्हाताऱ्याच्या काढ्यानं हटला, आणि पोरगा परत घरी गेलाच नाही. पहिलं वर्षभर उमरावांनी त्याला एकही झाड दाखवलं नाही. सकाळी तळ्याच्या पाळीवर बसवायचे, दुपट्ट्यानं डोळे बांधायचे आणि हातात मुळी द्यायचे. मोड. हुंग. सांग. पान वाळते, फूल झडते, मुळीले ना तोंड ना रंग, तिचा वास हाच तिचा चेहरा. चुकला तर ते रागावत नसत, पुन्हा तीच मुळी देत, दिवसभर. त्या वर्षात भुवनेश्वरला रात्री स्वप्नंसुद्धा दिसायची बंद झाली होती, नुसते वास यायचे.

अनंतमुळाच्या शेजारी, त्याच जाळीत, त्याच्याच अंगाला वेढून एक दुसरी वेल असते. तिचं नाव उमराव घेत नसत. 'ते दुसरी' एवढंच म्हणत. पानात थोडा फरक, तोही पावसाळ्यात. हिवाळ्यात दोघींची पानं झडली की जमिनीखालच्या मुळ्या सख्ख्या बहिणी. मोडल्यावर एकीला वास, एकीला नुसती माती. पहिली गर्भ धरून ठेवणारी, ज्या बाईचं पोट टिकत नाही तिला दुधात उगाळून द्यायची. दुसरी काय करते ते उमरावांनी तोंडानं कधी सांगितलं नाही. एका सकाळी त्याला घरामागे घेऊन गेले. त्यांची बायको गंगा तिथं खड्डा खणत होती. गाभण शेळी रात्री दावं तोडून जाळीत गेली होती आणि ती वेल खाऊन आली होती. शेळी जिवंत होती, भिंतीला टेकून उभी होती, आपल्याच अंगाला काय झालं ते न कळल्यासारखी एकटक बघत होती. गंगानं टोपल्यातली दोन पिल्लं खड्ड्यात ठेवली, त्यांना अजून केससुद्धा आले नव्हते. "पाहून घे," उमराव म्हणाले. त्यानं पाहून घेतलं. पुढं कितीतरी वर्षं अनंतमूळ हुंगताना त्याच्या नाकात वास भरायचा आणि डोळ्यांसमोर ते टोपलं यायचं, आणि दोन्ही बरोबर आले की त्याला वाटायचं, आपण चुकणार नाही.

शिक्षण संपलं हे त्यांच्याकडे बोलून सांगत नाहीत. चौथ्या वर्षी एका दिवशी उमरावांनी त्याला एकट्यालाच जंगलात पाठवलं. तो मुळी घेऊन आला, गुरूच्या हातावर ठेवली, आणि त्यांनी ती न हुंगता, न बघता तोंडात टाकली आणि चावून गिळली. एवढाच विधी. नंतर त्यांनी पाणीसुद्धा प्यायलं नाही. भुवनेश्वर त्या रात्री त्यांच्या खाटेशी बसून राहिला, त्यांचा श्वास मोजत. सकाळी म्हातारा उठला, आंघोळ केली आणि म्हणाला, जा आता. मग कोहमाऱ्याच्या चौकात ढाब्यांसमोर पोतं अंथरून बसणं, ट्रकवाल्यांच्या कंबरा आणि पोटं, मग आठवडी बाजार, मग गोंदियात हे दुकान. नाव होत गेलं. तिरोड्याहून, बालाघाटहून माणसं येऊ लागली. उमराव गेले तेव्हा तो त्यांच्या खांदेकऱ्यांत होता. त्यांचे दोन नियम त्यानं कधी मोडले नाहीत. मुळी आपल्या हातची. आणि रोग्याचं नाव-गाव विचारायचं नाही, कारण नाव विचारलं की औषध नावाला लागतं, रोगाला लागत नाही.

हा दुसरा नियम आज त्याच्या गळ्याशी आला होता. आठ दिवसांपूर्वी, मंगळवारी, एक सासू-सून आल्या होत्या. सासूच्या हातांवर कोपरापर्यंत गोंदण, सून बारीक, विशीतली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. तिसरा महिना होता. आधीचे दोन चौथ्यात गेले होते. सगळं सासूच बोलत होती. सून एकदाच बोलली, झोप लागते का असं त्यानं विचारलं तेव्हा. डोक्यावरून दिवसभर इमानं जाऊन राहिली, झोप कुठची, म्हणाली. त्यानं तिला अनंतमुळाचे पंधरा तुकडे कागदात बांधून दिले होते. रोज सकाळी एक, सहाणेवर दुधात उगाळून, उपाशीपोटी. दोघी गेल्यावर त्याला बरं वाटलं होतं, मनात म्हणालाही होता, हिचं टिकेल. आज बुधवार. म्हणजे आठ तुकडे पोटात गेले. बरणीत त्या रविवारच्या तीनच मुळ्या उरल्या होत्या, आणि भुवनेश्वर त्यांच्याकडे असा बघत होता जणू त्यातली एखादी आपण होऊन कबूल करणार होती.

शेजारी घनश्यामचं बियाण्यांचं दुकान होतं. त्याला विचारायचं म्हणजे बाजाराला सांगायचं. वैदाचं नाक गेलं ही बातमी दुपारपर्यंत भाजी मंडीत पोहोचली असती. तरी त्यानं तिन्ही मुळ्या मोडल्या, हातात धरल्या आणि शक्य तितक्या हलक्या आवाजात, सर्दी आहे जरा, सूंघकर बताओ, असं म्हणत पुढे केल्या. घनश्यामनं जर्दा थुंकला, मिशा पुसल्या आणि एकेक नाकाशी नेली. भुवनेश्वर त्याच्या नाकपुड्यांकडे बघत होता. आयुष्यात कुणाच्या नाकाकडे त्यानं इतक्या आशेनं पाहिलं नव्हतं. "ये दो तो मस्त है, अगरबत्ती जैसी," घनश्याम म्हणाला. "तीसरी में कुछ नहीं. मिट्टी है." आणि हसत म्हणाला की वैदजी, तुमचंच नाक सर्दीनं बसलं तर आमचं काय. भुवनेश्वरही हसला. तिनात एक. मग पंधरात किती?

दिवसभर डोक्यावरून विमानं जातील असं गाव एकच, बिरशीच्या धावपट्टीलगतचं. त्या रस्त्याला त्याची मोटरसायकल लागली तेव्हा दहा वाजले होते. धान कापून झालेल्या बांध्यांत लाखोरीचं पीक उभं होतं, आणि ऊन असं स्वच्छ होतं की भिण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. प्रत्येक वळणावर त्याला वाटे, समोरून एक बैलगाडी येईल, तीत कुणी पडलेलं असेल, अंगावर गोधडी. मधेच त्यानं गाडी थांबवली. परत फिरावं असा विचार आला, आणि तो विचार इतक्या शहाण्यासारखा बोलू लागला की त्याला स्वतःची लाज वाटली. तो विचार म्हणत होता, तिचे दोन आधीच गेले आहेत. तिसरा गेला तर तुला कोण विचारणार? पोटच तसं, म्हणतील. नशीब म्हणतील. तुझं नाव-गाव जसं तिला ठाऊक आहे तसं तिचं तुला नाही, तू शोधून काढावंस असं कोण म्हणेल? आणि पंधराच्या पंधरा चांगलेच असतील तर? उगाच जाऊन भीती घालशील, भीतीनंच काही झालं तर? नीतूची फी, सुखवंताचं घर, ती पाटी. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून हे सगळं ऐकत होता. वरून शिकाऊ पायलटचं एक छोटं विमान घरघरत गेलं, वळलं आणि पुन्हा आलं. गाडीला किक मारली तेव्हाही त्यानं ठरवलेलं काहीच नव्हतं. फक्त उभं राहणं जाण्यापेक्षा कठीण झालं होतं.

गावात शिरल्यावर विचारणार काय, हा नवा पेच. तिसऱ्या महिन्यातलं पोट चारचौघांत बोलत नाहीत, आणि जिचं दोनदा गेलं तिचं तर शेजारीणसुद्धा तोंडावर आणत नाही. पानठेल्यावर त्यानं गावातल्या आशा कार्यकर्तीचं घर विचारलं. ती, पुष्पाबाई, चाळिशीची, ठसठशीत, रजिस्टर काखेत मारून बाहेरच निघाली होती. त्यानं ओळख सांगितली तशी तिच्या कपाळावर आठी पडली. आमी बायांले दवाखान्यात नेऊन राहिलो आन् तुमी मुळ्या चारून राहिले, म्हणाली. त्यानं सासूचं गोंदण सांगितलं, आधीचे दोन सांगितले. "योगेश्वरी असल. तिलकची बायको," ती म्हणाली. "काऊन? काय झालं तिले?" ते नाव ऐकायला नको होतं असं त्याला वाटलं. आतापर्यंतची भीती बिनचेहऱ्याची होती. त्यानं एवढंच म्हटलं की भेटणं जरुरी आहे, आणि तुमीही चला. पुष्पाबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचं न विचारता चालू लागली. तिच्या मागे चालताना प्रत्येक दारातून कुणीतरी बघत होतं, आणि त्याला वाटत होतं, ह्या सगळ्यांना ठाऊक आहे.

अंगणात शकुंतलाबाई, म्हणजे तीच सासू, सुपात तांदूळ पाखडत होती. वैद आपल्या दारी आला म्हटल्यावर ती गडबडली, खाट टाकली, पाणी आणलं. तिलक तिरोड्याला प्लांटच्या कामावर होता. योगेश्वरी आतून आली आणि खांबाला धरून उभी राहिली. ती उभी होती. भुवनेश्वरनं आधी तिचे पाय पाहिले, मग चेहरा. चेहरा जरा पिवळट, पण ते तसंही असतं. शकुंतलाबाई पुन्हा सूप हातात घेऊन सांगू लागली की ह्या डाव बरं आहे, देवानं तुमचे हात बनवले, दोन डाव ह्याच दिवसांत पोरीची कंबर धरायची, ह्या डाव काही नाही. तो ऐकत होता आणि ते प्रत्येक चांगलं वाक्य त्याला जड होत होतं, कारण हे सगळं खरं असू शकत होतं आणि आपल्याला ते आता मोडायचं होतं. औषध बंद करा, तो म्हणाला. सासूचा हात सुपावरच थांबला. कायले, असं तिनं विचारलं, आणि त्यानं दुसरं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मुळी जुनी होती, महिना बदलला, ग्रह, काहीही चाललं असतं, ह्या बाईनं काहीही ऐकलं असतं. पुष्पाबाई रजिस्टर छातीशी धरून बघत होती.

"माह्या नाकाले वास येत नाही," तो म्हणाला. "दिवाळीपासून. मुळी वासानंच ओळखा लागते. तुमाले देल्लेल्यात दुसरी असल तर मले समजलं नसल."

पुष्पाबाईनं 'दुसरी म्हणजे काय' असंही विचारलं नाही, तिनं पिशवीतून मोबाइल काढला आणि दवाखान्याच्या गाडीसाठी बोलत अंगणाच्या कडेला गेली. शकुंतलाबाईचं तोंड उघडंच राहिलं होतं. भुवनेश्वरला वाटलं, आता ती ओरडेल, शेजारी जमतील, आणि ते झालं असतं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण ती त्याच्याकडे बघत होती ते औषध मागितल्यासारखी, ह्यावर आता काय द्यायचं ते सांगा म्हणून. योगेश्वरी आत गेली. कागदाची पुडी घेऊन आली आणि खाटेवर त्याच्यासमोर उघडून ठेवली. सात तुकडे. तिनं एकेक मोडून हुंगला, सावकाश, भाजी निवडावी तसे दोन बाजूंना ठेवत गेली. पाच इकडे. दोन तिकडे.

"ह्यायले नाही," ती दोहोंवर बोट ठेवून म्हणाली.

आधीच्या आठांचं विचारायचं होतं, ते त्यानं शेवटी कसंबसं विचारलं. उगाळताना तिला वास आला असेल, कारण सहाणेवर दुधात तो आणखीच फुलतो. रोज आला का?

"येत होता. मले आवडे तो वास," ती म्हणाली. "कालच्याले नव्हता. आजच्यालेही नव्हता."

तिचा एक हात खांबावर होता, एक पोटावर. दुखत नव्हतं, अजून काहीच झालं नव्हतं, आणि भुवनेश्वरच्या डोक्यात तो 'अजून' तेवढाच राहिला. पुष्पाबाई फोनवर गल्लीचं नाव सांगत होती. मंग घेतलं काऊन, असं तो म्हणाला. ते रागावल्यासारखं निघालं, त्याला तसं म्हणायचं नव्हतं. वास नव्हता तर घेतलं काऊन, बाई?

योगेश्वरीनं त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं. एवढी साधी गोष्ट ह्याला कशी कळत नाही, असं काहीसं.

"तुमी देल्लं होतं न," ती म्हणाली.

गाडी यायला वीस मिनिटं लागणार होती.